विसण

लांब केलेल्या पायांवर बाळाला पालथं घेऊन सगुणामावशींनी बादलीत उजवा हात बुडवला. निम्मं गाव लहानपणी याच हाताच्या अंदाजानं न्हालं होतं.

“छान कोमट आहे,” त्या बाळाच्या आईला म्हणाल्या. “विसण नकोच.”

तिनं गार पाण्याची कळशी बाजूला सारली. मावशींनी तांब्या भरून उचलला, तसं पाणी हिंदकळून त्यांच्या पावलावर सांडलं आणि त्या किंचाळल्याच.

“अगंबाई! काय झालं मावशी?”

मावशींनी बादलीत डाव्या हाताचं बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. पाणी कढत होतं. मग उजवा हात पुन्हा बुडवला. कातडी लालबुंद होत चालली, पण हात आत निवांत होता.

“बाळाला उचल गं आधी,” त्या कशाबशा म्हणाल्या. “माझा हात खोटं बोलतोय.”