भिंतीपलीकडचे टमाटे

औशाच्या त्या गल्लीत केवळाबाईंच्या लॉनला तोड नव्हती. पण शेजारच्या उज्वलानं आपलं लॉन उकरलं, घरातली सालपटं आणि देठं मातीत कुजवली आणि तिथं वांगी, मेथी लावली. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्याच फाटकाशी थांबायला लागल्या. केवळाबाईंच्या पोटात दुखू लागलं. उज्वलाकडं घाण वास सुटावा म्हणून त्या रोज पहाटे स्टुलावर चढून, घरात जे सडेल ते भिंतीवरून तिच्या वाफ्यात भिरकावू लागल्या. त्यात टमाटेच जास्त.

तीन महिन्यांनी उज्वला टोपलीभर टमाटे घेऊन दारात आली.

“काकू, हे तुमचेच हायत.”

“माझे? मी कुठं लावले?”

“तुम्ही रोज टाकून राहिलात नं, त्याचीच रोपं झाली. फक्त त्या स्टुलावर चढत जाऊ नका, पडाल. भिंतीला तुमच्या बाजूनं बादली लटकवलीय, तीत टाका.”

केवळाबाईंनी टोपली घेतली आणि दार लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी उज्वलाची बादली रिकामीच राहिली. केवळाबाई सकाळपासून कुदळ घेऊन स्वतःचं लॉन उकरत होत्या. यापुढं त्यांना एक सालपटही भिंतीपलीकडं जाऊ द्यायचं नव्हतं.