बाहेरून तीन थापा

फिलिपिन्समधल्या कावीते गावी आमच्या फ्रीमेसन लॉजचं, म्हणजे आमच्या गुप्त बंधुसंघाच्या सभागृहाचं, दार इसागानीने बाहेर बसून तेवीस वर्षं राखलं. आम्हा सगळ्यांचा तो कूया, थोरला भाऊ. तो अंथरुणाला खिळला तेव्हा लॉजप्रमुख फाउस्तिनो म्हणाले, "लॉजच्या मेजवानीची तयारी कोण करणार? भेटू की नंतर." कूया एकटाच मेला. आम्हीही गेलो नाही, म्हणून फाउस्तिनोंची होती तितकीच मला स्वतःचीही चीड होती.

शनिवारी दुपारी सभा भरली. बाहेरची जागा अजून कोणाला दिली नव्हती. दाराच्या आतला राखणदार मी; रिवाजाप्रमाणे मी आतून बंद दारावर तीन थापा दिल्या. आतल्या-बाहेरच्या राखणदारांनी एकमेकांना तीन थापांनी उत्तर द्यायचं, म्हणजे दार राखलेलं आहे, सभा चालू द्या.

बाहेरून तीन थापा आल्या.

दार उघडलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. लावलं, तर पुन्हा तीन.

"कोण चेष्टा करतंय?" फाउस्तिनो उसळले.

"तुम्हीच जाऊन बघा," मी म्हणालो. "तुमचं भेटायचं राहिलंय ना?"

ते तणतणत बाहेर गेले. मी मागून कडी घातली.

थोड्याच वेळात ते दोन्ही हातांनी दार बडवू लागले. "नार्सिसो, उघड. अरे, दार उघड."

मग बडवणं थांबलं. सावकाश, कूया द्यायचा तशा, तीन थापा आल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी रिवाजाप्रमाणे तीन थापांनी उत्तर दिलं.