बाधणारं दूध

अश्विनीने दूध मोरीत पिळून टाकलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. छाती दगडासारखी झाली होती. ती जरा हलकी झाली. मधल्या दारापलीकडे, पुढच्या खोलीत, तिचं दोन महिन्यांचं बाळ सासूजवळ, कडूबाईंजवळ होतं.

तिला सर्दी झाल्यापासून असंच चाललं होतं. पहिली शिंक आली तशी कडूबाईंनी बाळ तिच्या मांडीवरून उचललं होतं.

"बरी हुस्तवर मागच्या खोलीत ऱ्हा. अंगावर पाजू नको. सर्दीचं दूध बाधतंय लेकराला."

"आत्या, डॉक्टरांना एकदा विचारूया का?"

"त्यात काय इचारायचं? गायीला इंजेक्शन दिल्यावर तिचं दूध आपुन डेअरीला घालतो का? मग बाईचं कसं चालंल?"

दारात पाच गायी होत्या. ज्ञानेश्वर बायकोला एवढंच म्हणाला, "आईला लेकरांचं कळतं."

कडूबाई बाळाचं सगळं जिवापाड करत. वाटी-चमचा उकळून घेत. गायीच्या दुधात पाणी घालून चमच्याने पाजत. बाळालाही शिंका आल्या, नाक चोंदलं. त्या सारख्या तळहाताने कपाळ बघत. कपाळ थंड लागे. ताप नाही म्हणजे घोर नाही, असं त्या स्वतःलाच सांगत.

दुपारी शेजारच्या आक्काबाई ओट्यावर येऊन बसल्या. "सुनंला रजा आन सासूला ड्युटी. हे नवीनच बघते मी कोल्हारात."

"तुजी सून तुज्या हातात लेकरू तरी देती का? मग गप बस."

आक्काबाई हसल्या. पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "लई गुणाचं हाय पन. सकाळधरनं आवाज न्हाई त्याचा."

अश्विनीने हे दाराआडून ऐकलं. बाळ रडलं की तिला पान्हा फुटे. मधे भिंत असली तरी फुटे. आज एकदाही फुटला नव्हता. म्हणूनच दूध साचून राहिलं होतं.

तिने दार ढकललं.

"आत येऊ नको," कडूबाई म्हणाल्या.

ती थांबली नाही. तिने बाळाचं झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. ओठ जांभळट दिसत होते.

"आत्या, सकाळपासून किती प्यालं?"

कडूबाईंनी वाटीकडे पाहिलं. वाटी भरलेली होती. "झोपंत हुतं. म्हनलं, कशाला उठवायचं."

ज्ञानेश्वरने पिकअपमधले दुधाचे कॅन अंगणात उतरवले आणि बाळासह दोघींना घेऊन गाडी राहुरीच्या रस्त्याला घातली. दवाखान्यात बाळाला लगेच ऑक्सिजन लावला. नाक साफ केलं, पोटात नळी घातली. दिवस मावळायच्या सुमारास डॉक्टर आरती बाहेर आल्या.

"ताप नव्हता म्हणून थांबलात का?"

ज्ञानेश्वरने मान हलवली.

"इतक्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही. ते दूध सोडतं आणि गप्प होतं. साधा सर्दीचा विषाणू आहे, पण छातीत उतरलाय. बाळाचं अंग त्याच्याशी लढतंय, जोरात लढतंय. त्या लढाईनेच श्वासाच्या नळ्या सुजतात, चिकटा होतो. आणि त्याच्या नळ्या केवढ्याशा. वेळेत आणलंत. निभावेल." मग त्यांनी अश्विनीला विचारलं, "अंगावरचं दूध का तोडलं?"

"मला सर्दी होती," अश्विनी म्हणाली.

"तिनं न्हाई, मी तोडलं," कडूबाई म्हणाल्या. "बाधतंय म्हनून."

डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "आजी, गायी आहेत ना तुमच्याकडे? वासराला चीक का पाजता?"

"न्हाई पाजला तर वासरू टिकत न्हाई. काय बी रोग धरतंय."

"हेही तसंच. बाळाला सगळे रोग नवे असतात, ओळख कुठल्याच रोगाशी नसते. आईची असते. तिला सर्दी झाली की तिचं अंग त्या सर्दीवरचा उतारा तयार करतं आणि तो दुधातून बाळाला मिळतो. सर्दी लागते ती शिंकेतून, हातांतून. तोंडाला फडकं बांधायचं, हात धुवायचे आणि पाजायचं." त्यांनी अश्विनीच्या हातात स्वच्छ वाटी दिली. "आत जाऊन दूध काढून दे. आत्ता नळीनेच देऊ."

अश्विनी आत गेली. डॉक्टरही निघाल्या, तेवढ्यात कडूबाईंनी त्यांच्या कोटाची बाही धरली.

"बाई, कधीच न्हाई बाधत?"

"नाही."

"आईला ताप हुता, अंग भाजत हुतं, तरी?"

"सर्दी-तापात आईचं दूध बाधत नाही, आजी."

कडूबाई बाकावर बसल्या.

"मग माजा अमृत कशानं गेला?"

"अमृत कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"माजा पयला. असाच गप पडला हुता. समदे म्हनले, तुज्या दुधानं गेला."

ज्ञानेश्वर आईशेजारी बाकावर टेकला. आजवर तो स्वतःलाच थोरला समजत होता.