आजोबांच्या भुवया

टॅबवर लाल अक्षरं उमटली : ‘पुन्हा नजर हटली तर परीक्षा बंद.’

कृत्तिका घाबरली. शाळेत न जाता ती घरी आजोबांकडे शिकत होती. टॅबच्या कॅमेऱ्यासमोर द्यायची ही ऑनलाइन परीक्षा पास झाली तरच पाचवीचा दाखला मिळणार होता. पण उत्तर देण्याआधी समोर बसलेल्या आजोबांच्या भुवयांकडे बघायची तिला सवय. भुवया उंचावल्या, की उत्तर बरोबर!

ही खोड आपणच लावली, हे आजोबांना आता उमगलं. ते मुकाट्याने उठून तिच्या मागच्या दारातून बाहेर गेले, पण राहवेना. फटीतून डोकावले.

तिचं बोट दोन पर्यायांमध्ये अडखळलं. मान हलली. आजोबा फटीतून आणखी पुढे झुकले.

“आजोबा,” नजर न हलवता ती कुजबुजली, “कॅमेऱ्यात मागे दिसताय तुम्ही. जा बघू. मला येतंय हे.”