एका वजनकाट्याला एक माणूस

"उतरा आजी खाली," साहेब म्हणाला.

आजी उतरली नाही. फूटपाथवरच्या वजनकाट्यावर दोन्ही पाय रोवून, कमरेवर हात ठेवून ती उभीच राहिली. "मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाला असं हाकलतात होय?"

साहेबाच्या मागे जाळीची गाडी उभी होती. नवा नियम निघाला होता ना! रस्त्यावर हात पसरला की गाडीत. ज्याला घर नाही आणि धंदाही नाही, तो भिकारीच, असंही त्यात घातलेलं. म्हणजे हात खिशात घालून बसलात तरी सुटका नाही. शहर स्वच्छ दिसलं पाहिजे म्हणे. माणसं झाडून काढली की शहर स्वच्छ होतं, हे डोकं कुणाचं होतं कोण जाणे.

आजीला गाडीची भीती नव्हती. गाडी जिथं नेऊन सोडते, त्याची होती. पुरुषांचा निवारा शहराच्या या टोकाला, बायकांचा त्या टोकाला. आजोबांना अंधुक दिसायचं. चहाचा कपसुद्धा हातात द्यावा लागायचा. तिथं कोण देणार? घर गेलं, भांडीकुंडी गेली, तेव्हा आजीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पण हे ऐकलं आणि तिला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी ती तडक भंगारवाल्याकडे गेली आणि त्याचं डोकं खाऊन खाऊन हा वजनकाटा घेऊन आली. त्याची स्प्रिंग केव्हाच मेली होती. काचेखालची सुई एकावन्नवर अडकलेली, ती काही केल्या हलायची नाही.

"अगं, हा तर बिघडलेला आहे," आजोबा सुईवरून बोट फिरवत म्हणाले. काचही फुटकीच होती.

"असू द्या हो. धंदा दिसला म्हणजे झालं. वजन बघायला कुणाला वेळ आहे?"

खरंच कोणी बघत नव्हतं. लोक वाडग्यात नाणं टाकायचे आणि पुढं जायचे, पूर्वीसारखेच. फरक एवढाच, की आता ते दुकान होतं.

आणि आज गाडी आली. "वजनकाटा कुणाचा?" साहेबानं विचारलं.

"हिचा," आजोबा म्हणाले.

"यांचा," आजी त्याच दमात म्हणाली.

"एका वजनकाट्याला एक माणूस. दुसरं कोण ते ठरवा आणि गाडीत बसा."

"साहेब, आमचा जन्माचा संसार आहे हो."

"मी काय करू, आजी? कायदा सगळ्यांना सारखा." साहेब वाईट नव्हता. सकाळपासून हेच वाक्य म्हणून म्हणून त्याचं तोंड दुखलं होतं.

"हिला राहू द्या, मी येतो," म्हणत आजोबा चाचपडत उठायला लागले. आजीनं त्यांना खांदा दाबून खाली बसवलं. वाडग्यातलं नाणं उचललं, पुन्हा वाडग्यातच टाकलं आणि ती वजनकाट्यावर चढली. "दुकान यांचं. मी गिऱ्हाईक."

साहेबानं वाकून सुई पाहिली. "एकावन्न. झालं ना वजन? उतरा आता."

"माझं समाधान नाही झालं."

"दिवसभर उभ्या राहणार आहात का?"

"उद्याही राहीन." आजोबांनी तिचा घोटा घट्ट धरून ठेवला होता.

साहेब आता चिडला. "अहो, एकच गिऱ्हाईक असलेला धंदा कुठं असतो का? दुसरं कोण आहे?"

"मी आहे की!"

विजेच्या खांबामागून कुबडीवाला बाहेर आला. गाडी दिसल्यापासून तो तिथं श्वास रोखून उभा होता. त्याच्यामागे बोचकं घेतलेली बाई आली. मग दिवसभर स्वतःशीच बोलणारा बडबड्या आला. बघता बघता रांग लागली. नाणं मात्र एकच. ते वाडग्यात पडायचं, आजोबा ते हळूच मागे सरकवायचे, आणि हातोहात ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं. आजी खाली उतरली ती थेट रांगेच्या शेवटी, गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "पुन्हा एकदा करून घेते. खात्री असलेली बरी."

साहेबानं हे सगळं पाहिलं. न पाहायला तो काही आंधळा नव्हता. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी स्वतः बघतो. वजनकाटा खोटा निघाला, तर धंदाही खोटा. मग सगळेच गाडीत."

साहेब अंगानं चांगलाच भरलेला, पट्टा पोटाखाली उतरलेला. त्यानं बूट ठेवला, दुसरा ठेवला. पत्रा करकरला. सुई एकावन्नवरच. बडबड्यासुद्धा गप्प झाला.

साहेब खाली बघत राहिला. मग त्यानं रांगेकडे पाहिलं, आजीच्या पायांकडे पाहिलं, आणि त्याचा हात खिशात गेला. आता शिट्टी वाजणार, म्हणून कुबडीवाल्यानं डोळे मिटून घेतले.

वाडग्यात नाणं वाजलं.

"चल रे, गाडी काढ," साहेबानं ड्रायव्हरला हाक मारली. गाडीत चढता चढता तो आजीपाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "आजी, तुमचं वजन एकावन्न, माझंही एकावन्न. हा कसला हो वजनकाटा?"

"तुमच्या कायद्यासारखाच आहे, साहेब," आजी म्हणाली. "सगळ्यांना सारखा."