बाहेरून कुलूप

कडी वाजली, खट् करून कुलूप बसलं आणि नंदकिशोररावांच्या डोक्यात तिडीक गेली. आपला पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये, उशाशी कुबड्या, आणि बायको चालली महाराष्ट्र मंडळात संक्रांतीच्या तिळगुळाला!

"अगं, निदान दार तरी उघडं ठेव. कुणी येईल, दोन शब्द बोलेल!"

"नको हो," वासंतीबाई बाहेरून म्हणाल्या. "परकं गाव आहे. कुणीही घुसायचं. तुम्ही आत आहात तेच बरं."

चपला फाटकापर्यंत वाजत गेल्या.

स्कूटरवरून पडल्यापासून हे रोज चाललं होतं. आधी बाई नुसत्या भाजीला जायच्या. मग भजनाला जाऊ लागल्या. परवा तर मैत्रिणींबरोबर बगरूला छापील चादरी बघायला जाऊन आल्या. दरवेळी कडी वाजायची आणि कुलूप खट् करायचं. नंदकिशोरराव विमा कंपनीतले साहेब, ऑफिसात दिवसभर त्यांचा दरबार भरायचा. आता बंद पंख्याकडे बघत पडायचं. पेपर जाहिरातींसकट वाचून व्हायचा. टीव्हीवर त्याच त्या सुना रडायच्या. शेवटी ते भिंतीवरच्या पालीशी बोलू लागले होते, तर तीही थंडीची कुठेतरी गडप झाली.

"प्लॅस्टर निघू दे, मग दाखवतो," ते रोज म्हणायचे. काय काय दाखवायचं ते पडल्या पडल्या ठरवायला वेळच वेळ होता. हिच्या भाचीच्या लग्नाला साताऱ्याला पाठवायचंच नाही. नाहीतर सरळ नातेवाइकांना फोन लावून सगळं सांगायचं. पण आज त्याहून झकास बेत सुचला होता. संध्याकाळी मंडळातली माणसं घरी यायची होती. चारचौघांत हिचं नाक कापायचं.

ही कशाचं उट्टं काढतेय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतरची पहिली बदली जयपूरलाच झाली होती. तेव्हा आतासारखा जवाहर नगरात फ्लॅट कुठला, आदर्श नगरात एक खोली होती. वासंती कऱ्हाडजवळच्या खेड्यातली, हिंदीचा गंध नाही. "परकं गाव आहे, मी बाहेरून कुलूप लावून जातो," असं म्हणून ते रोज दार ओढून घ्यायचे. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप होतं ते. आतून मूठ फिरवली की उघडायचं. तिने असलं कुलूप जन्मात पाहिलं नव्हतं. वर्षभर बिचारी दिवसचे दिवस खिडकीत बसून रडली. कुलूप आतून उघडतं हे तिला ठाऊकच नाही, असं एक दिवस त्यांच्या लक्षात आलं आणि ते पोट धरून हसले.

पुढे बदली होईल त्या गावात, प्रत्येक गणपतीत आणि प्रत्येक कोजागिरीला तो किस्सा ठरलेला. नंदकिशोरराव घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "वर्षभर, बरं का, वर्षभर! एकदा मूठ फिरवून पाहिली नाही हो हिने!" मंडळी हसून लोळायची. मसाला दुधाचे पेले देता देता वासंतीबाईही हसायच्या.

"पण माझं कुलूप खोटं होतं," नंदकिशोरराव आता छताला सांगत होते. "गंमत होती ती. ही तर खरंखुरं लावते!"

या एका मुद्द्यावर आपण वरचढ आहोत, याचं त्यांना फार बरं वाटत होतं.

बाहेर अख्खं जयपूर गच्चीवर चढलं होतं. लाउडस्पीकर कोकलत होते. खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्यात एखादा पतंग यायचा आणि जायचा. तेवढ्यात बेल वाजली. नंदकिशोरराव धडपडत उठून बसले.

"कोण आहे?"

"मी विभा! गुळपोळ्या आणल्यात भावजी!"

"बाहेरून कुलूप आहे!" ते जीव तोडून ओरडले.

विभाने काहीतरी उत्तर दिलं. पण नेमका पलीकडच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि "वो काटा! वो काटा!" असा गल्लीभर गलका उठला. तो ओसरला तेव्हा दाराशी कुणी नव्हतं. गुळपोळी गेली. बोलायला आलेलं माणूस गेलं. नंदकिशोररावांना रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला, आणि तो सगळा त्यांनी संध्याकाळसाठी राखून ठेवला.

संध्याकाळी वासंतीबाई मंडळातल्या माणसांना घेऊनच आल्या. विभा होती, तिचा नवरा दिनकर होता, आणखी चार जोडपी होती. सगळे पलंगाभोवती खुर्च्या ओढून बसले. "तिळगूळ घ्या, गोड बोला" सुरू होणार, इतक्यात नंदकिशोररावांनी कुबडी जमिनीवर आपटली.

"गोड काय बोलायचं? विचारा हिला! लंगड्या नवऱ्याला कुलपात कोंडून गावभर फिरते ही!"

विभा गोंधळली.

"कुलपात? अहो भावजी, कुलूप नुसतं कडीला लोंबत होतं. कडी लागलेलीच नव्हती. मी ओरडून सांगितलं की तुम्हाला! तरी तुम्ही ये म्हणालाच नाहीत. मला वाटलं, आत येऊ नको म्हणताय."

नंदकिशोररावांनी दाराकडे पाहिलं. पलंगावरून ते समोरच दिसत होतं. रोजच दिसत होतं. कुबड्याही रोज उशाशीच होत्या.

वासंतीबाई तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या. त्यांनी घसा खाकरला.

"महिनाभर, बरं का, महिनाभर! एकदा दार ओढून पाहिलं नाही हो यांनी!"

मंडळी हसून लोळली. दिनकरला तर ठसकाच लागला.

वासंतीबाईंनी डब्यातला एक लाडू उचलला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"हसा की," त्या म्हणाल्या. "मी नेहमी हसायचे."