एनॉक ग्रीनवुड, हजर

“शिपाई एनॉक ग्रीनवुड!”

“हजर!” मागच्या रांगेतून आवाज आला.

वर कवायतखान्याच्या सज्जात, बायकांमध्ये बसलेली केझाया ग्रीनवुड ताडकन उभी राहिली. नऊ महिने ती याच क्षणाची वाट पाहत होती. तपासणी वर्षातून एकदाच. लंडनहून कर्नल येतो, आमच्या हेबलथॉर्पच्या स्वयंसेवक पलटणीची हजेरी घेतो, आणि साठ माणसं भरली नाहीत तर पलटण मोडतो. पलटण मोडली की सटक्लिफ कॅप्टन उरत नाही, नुसता गिरणीमालक उरतो. म्हणून तो मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांचीही नावं पटावर ठेवायचा आणि गिरणीतल्या कुणालाही गणवेश चढवून उभा करायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण बोलणार कोण? पोट सगळ्यांचं त्याच्याच हातात.

या कवायतखान्याचे दगडसुद्धा गिरणीतल्या माणसांनी शनिवारी काम सुटल्यावर वाहिलेले. एनॉकनेही. कोनशिलेवर नाव मात्र सटक्लिफचं.

केझायाला न्यायबिय काही नको होता. तिला सूड हवा होता, आणि तो इथेच, राणीच्या तसबिरीखाली, चारचौघांत.

“हजर आहेस होय रे एनॉक!” ती वरून ओरडली. “मग घरी का येत नाहीस? नऊ महिने झाले, आईची आठवण नाही येत?”

सज्जात कुणीतरी फिसकन हसलं.

“ही बाई कोण?” कर्नलने विचारलं.

“याची आई, साहेब,” सटक्लिफ घाईघाईने म्हणाला. “दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं.”

“दुःख कसलं? मुलगा तर हजर आहे.”

सटक्लिफ कर्नलच्या हातातल्या पटाकडे पाहू लागला.

केझाया जिना उतरून खाली आली. एनॉकच्या नावाला ओ देणारा जॅबेझ अटली मागच्या रांगेत पांढराफटक पडला होता. घरी सहा पोरं त्याला.

“मावशी, माझं काम जाईल गं,” तो कुजबुजला.

“तुझ्याशी भांडण नाही माझं. गप उभा राहा.” मग ती कर्नलकडे वळली. “साहेब, माझा एनॉक याच्या गिरणीत बॉयलर फुटून मेला. मागल्या ऑगस्टात. चौकशीत यानं बायबलवर हात ठेवून सांगितलं, पोरगा दारू पिऊन आत शिरला होता म्हणून. अहो, चॅपलमध्ये दारूबंदीची शपथ घेतलेला माझा लेक! थेंबाला शिवला नाही कधी. कॅप्टन, त्याला मेल्यावर दारुडा ठरवलात, आणि वर इथं कवायतीला उभा केलात? काही लाज?”

“लेखनिकाची चूक झाली असेल...” सटक्लिफ पुटपुटला.

कर्नलने पट चाळला. ऑगस्टनंतर एनॉक ग्रीनवुडने एकही कवायत चुकवली नव्हती. प्रत्येक पानाखाली सटक्लिफची सही.

कर्नलने पुढचं नाव पुकारलं. “शिपाई सायलस मिजली!”

कुणी ओ दिली नाही. सज्जातून एका म्हातारीचा आवाज आला, “तो कॅनडात असतो, साहेब. नाताळला पत्र येतं त्याचं.”

सगळा कवायतखाना हसला. मालकासमोर कधी मान वर न केलेली माणसंही हसली. केझाया तेवढी हसली नाही. ती सटक्लिफची मान लाल होताना डोळे भरून पाहत होती. बरं वाटत होतं तिला, फार बरं.

“कॅप्टन, तलवार माझ्याकडे द्या,” कर्नल म्हणाला.

सटक्लिफचे हात तलवारीच्या कमरपट्ट्याकडे गेले. बक्कल काही निघेना.

केझाया पुढे झाली, अगदी त्याच्या पुढ्यात.

“मी सोडू का?” ती म्हणाली. “एनॉकचा पट्टा मीच सोडवला होता. वाफेनं कातड्याला चिकटला होता, तरी सोडवला. तुमचा काय, नुसता घट्ट झालाय.”